बीनकाराचा लोभ

अंधेरी-कुर्ला रस्त्यावर साकीनाक्याच्या आसपास जे छोटे गाळे आहेत, गॅरेजचे, लेथचे, पत्रेकामाचे, तेथे हाताखालचा पोरगा मुख्य कारागिराला ‘उस्ताद’ म्हणून हाक मारतो. हा शब्द मूळचा गुरूचा. गायनवादनाच्या मैफलींतून आपल्याला परिचित झालेला. चौदा वर्षांखालच्या मुलाला असे कामास ठेवण्याला २०१६ च्या दुरुस्तीने कायद्याने बंदी केली. अपवाद घरच्या धंद्यातील मदतीचा, आणि दुसरा करमणुकीच्या व्यवसायातील बालकलाकारांचा. त्याच अंधेरीत चित्रपटांची आणि दूरचित्रवाणीची कलागृहे आहेत. तेथे गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलाने दिवसाला पाच तासांहून अधिक काम करू नये, आणि त्याच्या मिळकतीपैकी निदान वीस टक्के रक्कम त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवावी, असे २०१७ चे नियम सांगतात. नियम चांगलेच आहेत. परंतु मुलाचा गोड गळा हे ज्यांचे भांडवल आहे अशा धंद्यात मुलाच्या नावे नेमके काय शिल्लक पडावे, हा प्रश्न बँकेच्या पासबुकात मावणारा नाही. गेल्या शतकाच्याही मागे, मराठी संगीत रंगभूमीच्या पहिल्या बहरात, एका मुलाच्या वाट्याला हा प्रश्न आला होता. पुढे महाराष्ट्राने त्याला गायनाचार्य भास्करबुवा बखले या नावाने ओळखले.

बुवांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ चा, बडोदे संस्थानातील कठोर या गावचा. घरची परिस्थिती बेताची. मुलगा बडोद्यास संस्कृत शिकण्यासाठी आला, पण ओढ गाण्याकडे. पिंगळेबुवा नावाच्या कीर्तनकारांनी त्याच्या गळ्यावर पहिले संस्कार केले. तो काळ असा की, १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले होते, पाठोपाठ ‘सौभद्र’ आले होते, आणि संगीत नाटक ही गोष्ट पाहता पाहता एका मोठ्या उद्योगाचे रूप घेऊ लागली होती. त्या उद्योगाचा कच्चा माल म्हणजे गाणारी मुले. स्त्रियांनी रंगमंचावर यायचे नाही, हा त्या काळचा दंडक. तेव्हा शकुंतला आणि सुभद्रा उभ्या करायच्या त्या मुलांच्या आणि तरुणांच्या गळ्यांवर. कंपन्या गावोगाव अशा गळ्यांच्या शोधात असत. बडोद्याने त्यांना भाऊराव कोल्हटकर दिले, आणि त्याच बडोद्याने लहानगा भास्करही दिला.

किर्लोस्कर मंडळीचा मुक्काम इंदुरास असताना बंदे अली खाँ यांनी या मुलाचे गाणे ऐकले. खाँसाहेब हे त्या काळी हिंदुस्थानातील अग्रगण्य बीनकार. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे ते जावई, होळकरांच्या दरबारात त्यांचा मान. बीन हे वाद्यच मुळी गंभीर. त्याचा आलाप सावकाश, स्वरास्वराला वेळ देणारा. नाटकाच्या पदांशी, तिथल्या टाळ्यांशी आणि ‘वन्स मोअर’शी त्या कलेचा काही संबंध असण्याचे कारण नव्हते. शिवाय त्या काळच्या उस्तादांच्या घरी विद्या म्हणजे वडिलोपार्जित वतन. ती मुलाला द्यायची, पुतण्याला द्यायची, फार तर जावयाला द्यायची. परक्याला द्यायची ती वर्षानुवर्षे सेवा करवून घेऊन, आणि तीही हातचे राखून. असे असताना या वृद्धत्वाकडे झुकलेल्या मुसलमान बीनकाराने एका नाटक कंपनीतील ब्राह्मण पोराला आपण होऊन जवळ केले, त्याच्या हाताला गंडा बांधला आणि त्याला शिकवावयास प्रारंभ केला.

या शिकवणीचा काळ फार मोठा नव्हता. कंपनी आज इंदुरास तर उद्या दुसऱ्या गावी. मुलाला तिच्याबरोबर जाणे भाग. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर खाँसाहेबांना या व्यवहारातून काहीच मिळणार नव्हते. मुलगा बिदागी देऊ शकत नव्हता, घरी राहून सेवाही करू शकत नव्हता, आणि त्याच्यामुळे खाँसाहेबांच्या कीर्तीत भर पडण्याची सुतराम शक्यता नव्हती. हा केवळ लोभ होता. एका पोराच्या गळ्यातून स्वर खरा लागतो आहे, एवढ्यावर बसलेला लोभ.

कंपनीचा लोभ मात्र निराळ्या जातीचा होता. यात कोणा एकाला दोष देण्याचे कारण नाही; नाटक कंपन्यांनी अनेक गरीब मुलांना पोटभर अन्न दिले, कपडालत्ता दिला, गावोगावचे जग दाखवले, हे विसरता येत नाही. पण यंत्राच्या किमतीतून जमाखर्चात दरसाल घसारा वजा करतात, तसा मुलाच्या गळ्याचा घसारा कोणी कोठे मांडून ठेवीत नसे. तो एकदम येई, चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान, आवाज फुटला म्हणजे. भाऊराव कोल्हटकरांचा आवाज टिकला आणि ते मरेपर्यंत रंगभूमीचे भूषण राहिले. भास्करचा आवाज फुटला. ज्या गुणासाठी त्याला आणले होते तोच गेल्यावर कंपनीतील त्याचे स्थान उरले नाही. ज्या पोरांना कौतुकाने खांद्यावर बसवले जाई तीच पोरे अशा वेळी पंगतीच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसत. त्यांतील कितीजण पुढे पडदे ओढीत राहिले आणि कितीजण गावी परतले, याची नोंद रंगभूमीच्या इतिहासात सापडत नाही. आपल्याकडे इतिहास लिहिला जातो तो आवाज टिकलेल्यांचाच.

भास्कर गावी परतला नाही. तो बडोद्यास फैज महंमद खाँ यांच्या दाराशी गेला आणि त्याने ग्वाल्हेर परंपरेच्या गायकीचे शिक्षण पहिल्यापासून सुरू केले. फुटलेल्या आवाजाच्या मुलाला हे धैर्य कोठून आले असावे? स्वभावाचा वाटा असणारच, चिकाटीचाही असणार. पण नाटकाच्या टाळ्यांपलीकडे गाणे म्हणून काही वेगळी, मोठी वस्तू आहे, हे त्याला इंदुरास कळून चुकले होते, याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. बिनीवरचा आलाप ज्याने कोवळ्या वयात जवळून ऐकला, त्याच्या दृष्टीने गळ्यातील गोडवा ही गाण्याची सुरुवात होती. ती गेली म्हणून सारे गेले, असे त्याला वाटले नसावे.

पुढची वाटचाल मराठी रसिकांना परिचित आहे, तेव्हा ती थोडक्यात सांगितली तरी चालेल. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात बुवांनी संगीतशिक्षकाची नोकरी केली. म्हैसूर दरबारचे नथ्थन खाँ यांच्याकडून आग्रा घराण्याची विद्या घेतली, आणि स्वतः नाव मिळवल्यानंतरही अल्लादिया खाँ यांच्यापुढे विद्यार्थी होऊन बसले. तीन घराण्यांची गायकी एका गळ्यात अशी नांदणे हे त्या काळी नवलच होते. १९११ साली पुण्यात त्यांनी भारत गायन समाजाची उभारणी केली. वतनदारीने जपलेली विद्या वर्गात, फी भरून, कोणाही गृहस्थाच्या मुलामुलींना मिळावी, ही त्यामागची कल्पना. ती संस्था आजही चालू आहे.

नाटकाशी त्यांनी वैरही धरले नाही. ज्या रंगभूमीने त्यांचा आवाज फुटताच त्यांच्याकडे पाठ फिरवली तिच्याकडे ते गुरू म्हणून परतले. बालगंधर्वांना त्यांनी शिकवले. १९१६ च्या ‘स्वयंवरा’तील आणि १९२० च्या ‘द्रौपदी’तील पदांना चाली दिल्या. सामान्य मराठी माणसाच्या कानावर रागदारी पडली ती बव्हंशी या चालींवाटे.

पण बुवांच्या चरित्रात थांबून पाहावे असे वळण १९११ सालचेच आणखी एक आहे. नाट्यकलाप्रवर्तक मंडळीत आळंदीचा एक मुलगा काम करीत होता. कृष्णा फुलंब्रीकर, वय तेरा. म्हणजे नेमके तेच वय, ज्याच्या पुढे काय वाढून ठेवलेले असते हे बुवांइतके कोणाला ठाऊक असणार? बुवांनी त्याला शिष्य करून घेतले. मुलगा त्यांच्यामागे मैफलींना जाऊ लागला, तंबोऱ्यामागून साथ करू लागला. या मुलाचा आवाज टिकेल की फुटेल, ही गोष्ट आता त्याच्या पोटापाण्याशी पहिल्यासारखी बांधलेली राहिली नाही. अकरा वर्षे त्याला हा सहवास लाभला. ८ एप्रिल १९२२ रोजी बुवा पुण्यास वारले तेव्हा त्यांचे वय अवघे बावन्न होते, आणि कृष्णा चोवीस वर्षांचा झाला होता. हेच पुढचे मास्तर कृष्णराव. गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताची आणि भारत गायन समाजाची जबाबदारी त्यांनी उचलली, ‘प्रभात’च्या चित्रपटांना संगीत दिले, आणि १९७१ साली पद्मभूषण झाले.

बंदे अली खाँ आयुष्याच्या अखेरच्या काळात पुण्यास येऊन राहिले होते. त्यांची बीन ऐकण्याचे आज साधन नाही. ध्वनिमुद्रण या देशात येण्यापूर्वीच ते गेले. भास्करबुवांच्या हयातीत मात्र ग्रामोफोनच्या तबकड्या घरोघर पोचल्या होत्या, आणि तरीही त्यांचा आवाज कोठे मुद्रित झालेला उपलब्ध नाही. ऐकायला मिळतात त्या बालगंधर्वांच्या तबकड्या, आणि मास्तर कृष्णरावांच्या.