शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग यांचें चरित्र



मांडव्याच्या धक्क्यावरून मुंबईस जाणाऱ्या उतारूंमध्यें कांहीं बाजारहाटासाठीं, कांहीं चाकरीसाठीं, व कांहीं मोठ्या रुग्णालयाच्या वाटेनें निघालेले असतात. या शेवटल्यांचे चेहरे निराळे दिसतात. शस्त्रक्रिया करावयाची असें ठरलें म्हणजे आमच्या खेड्यांतील माणसास दोन गोष्टींची धास्ती वाटते. एक सुरीची, आणि दुसरी, तिच्याहूनही मोठी, भुलीची. आपण निजूं आणि पुन्हां उठलोंच नाहीं तर काय, असें त्यास वाटतें. या भीतीस हसणें आम्हांस योग्य वाटत नाहीं, कारण एके काळीं ती पुष्कळ अंशीं खरी होती. ती कमी करण्यासाठीं जे झटले, त्यांपैकीं एकाचें चरित्र आज आम्ही सांगतों.

हार्वे कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजीं अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत क्लीव्हलंड शहरीं झाला. वडील, आजोबा व पणजोबा सर्व वैद्य. दहा भावंडांत हार्वे हे शेंडेफळ. येल येथें १८९१ सालीं पदवी घेऊन ते बोस्टन शहरीं हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेंत दाखल झाले.

ईथर हुंगवून रोग्यास निजविण्याची रीत याच बोस्टन शहरांत १८४६ सालीं सर्वांसमक्ष दाखविण्यांत आली होती. परंतु पन्नास वर्षें होत आलीं तरी भूल देणें हें कौशल्याचें काम आहे असें फारसें कोणी मानीत नसे. तें विद्यार्थ्यांवर सोंपविलें जाई. १८९३ सालाच्या आरंभीं, अंतर्गळांत आंतडें अडकलेल्या एका रोग्यास भूल देण्याचें काम कुशिंग यांच्या वांट्यास आलें. तें त्यांस कोणीं नीट शिकविलें नव्हतें. ईथर देत असतां रोग्याच्या पोटांतील द्रव एकाएकीं उसळून तोंडांत आला, श्वासाबरोबर छातींत उतरला, व रोगी तेथेंच मरण पावला.

तरुण कुशिंग यांस वाटलें कीं आपल्या हातून मनुष्यहत्या झाली. वैद्यकी सोडून द्यावी असें त्यांच्या मनांत आलें. वडील मंडळींनीं मात्र त्यांस समजाविलें कीं अशा गोष्टी वारंवार घडतात, रोग्याची स्थिति मुळांतच वाईट होती, तेव्हां हें विसरून अभ्यासास लागावें. कुशिंग अभ्यासास लागले. पण विसरले नाहींत. अशा गोष्टी वारंवार घडतात, तर त्या कां घडतात हें कोणी लिहून कां ठेवीत नाहीं, हा विचार त्यांच्या मनांतून जाईना.

१८९४ सालीं त्यांनीं व त्यांचे सहाध्यायी एर्नेस्ट कॉडमन यांनीं एक साधी गोष्ट आरंभिली. भूल देत असतां दर कांहीं मिनिटांनीं रोग्याची नाडी व श्वास मोजावयाचा आणि तो आकडा कागदावर मांडावयाचा. अधिक चांगली भूल कोण देतो, अशी दोघांनीं एका जेवणाची पैजही लाविली होती. या कागदाचा गुण असा कीं नाडी हळूहळू बिघडूं लागली तर रोगी हातचा जाण्यापूर्वींच तें दिसतें. पुढें १९०१ सालीं इटलींतील पाव्हिया येथें रीव्हा-रोच्ची नामक वैद्यानें केलेलें रक्तदाब मोजण्याचें यंत्र त्यांनीं पाहिलें, व तसें एक अमेरिकेस नेऊन तोही आकडा कागदावर आणिला. आज आमच्या गांवच्या दवाखान्यांत दंडास पट्टा बांधून रक्तदाब पाहतात, ती रीत याच यंत्रापासून आलेली आहे. ज्यांस ईथर सोसणार नाहीं अशा अंतर्गळाच्या अशक्त रोग्यांस, मज्जातंतूंभोंवतीं कोकेन टोंचून तेवढाच भाग बधिर करण्याची रीतही कुशिंग यांनीं त्याच सुमारास बाल्टिमोर येथें चालविली. ज्या रोगाच्या माणसाचा मृत्यु त्यांनीं पाहिला, त्याच रोगाच्या माणसांसाठीं हें काम झालें.

आतां त्यांच्या मुख्य कामाकडे वळूं. मेंदूच्या तळाशीं, दोन्ही डोळ्यांच्या मागें, हाडाच्या लहानशा खोबणींत वाटाण्याएवढी एक ग्रंथि असते. तिला इंग्रजींत पिट्युइटरी व मराठींत पोष ग्रंथि म्हणतात. शरीराची वाढ, पाळी, दूध व दुसऱ्या कित्येक ग्रंथींचें काम तिच्या रसांनीं चालतें. तींत गांठ झाली व वाढीचा रस फार स्रवूं लागला, तर मोठ्या माणसाचे हात, पाय, जबडा व जीभ वाढत जातात. अंगठी बोटांत शिरत नाहीं, वहाणा लहान पडतात. गांठ वर सरकून डोळ्यांच्या नाड्यांवर दाबली, म्हणजे दोन्ही बाजूंचें दिसेनासें होतें.

इतक्या खोल जागीं सुरी न्यावी कशी? वरून जावें तर कवटी फोडून मेंदू उचलावा लागतो. इन्सब्रुक येथील श्लोफर यांनीं १९०७ सालीं नाकाच्या वाटेनें जाऊन दाखविलें. कुशिंग यांनीं १९०९ सालीं हातपाय वाढलेल्या एका शेतकऱ्यावर पहिली अशी शस्त्रक्रिया केली, व तो पुढें अनेक वर्षें जगला. मग वरच्या ओठाच्या आंत छेद घेऊन, नाकाच्या पडद्याच्या बाजूनें ग्रंथीपर्यंत जाण्याची रीत त्यांनीं बसविली. येथें भुलीची अडचण मोठी होती. शस्त्रवैद्य ज्या वाटेनें जाणार तीच रोग्याची श्वासाची वाट; तेथलें रक्त घशांत उतरलें तर बोस्टनच्या त्या रोग्याचीच गत व्हावयाची. म्हणून तोंडांतून नळी घालून ईथर देणें व घशांत कापड भरून रक्त अडविणें, याकडे त्यांचें बारकाईनें लक्ष असे. १९१० ते १९२५ या काळांत त्यांनीं अशा २३१ शस्त्रक्रिया केल्या, व शेंकडा ५.६ रोगी दगावले. प्रतिजैविक औषधें नसलेल्या त्या काळीं हा आंकडा फार लहान होता. आणि तो आज आम्हांस ठाऊक आहे याचें कारण, दगावलेल्यांची नोंदही त्यांनीं लपविली नाहीं.

कुशिंग हे निर्दोष होते असें मात्र नव्हे. हाताखालच्या मंडळीशीं ते फार कठोरपणें वागत. कामापुढें घर मागें पडे. जून १८२६ नव्हे, तर १९२६ च्या जून महिन्यांत त्यांचा थोरला मुलगा मोटारीच्या अपघातांत मरण पावल्याची बातमी सकाळीं आली, तरी त्या दिवशीं ठरलेली शस्त्रक्रिया त्यांनीं पुरी केली. हें धैर्य म्हणावें कीं कठोरपण, याचा निवाडा आम्ही वाचकांवर सोंपवितों.

पुढें १९२९ च्या सुमारास त्यांनीं नाकाची वाट सोडून कवटीची वाट धरिली, कारण डोळ्यांच्या नाड्या तेथून नीट दिसत. गुरूनें सोडिली म्हणून बहुतेकांनीं ती सोडिली. केवळ एडिंबरो येथील त्यांचे शिष्य नॉर्मन डॉट यांनीं ती राखली. त्यांजपासून पॅरिसचे गिओ यांनीं १९५६ सालीं ती पाहिली, व मॉन्ट्रियलचे हार्डी यांनीं १९६० नंतरच्या दशकांत तींत सूक्ष्मदर्शक आणिला. आज जगांतील बहुतेक पोष ग्रंथीच्या गांठी याच वाटेनें काढितात.

चेहरा चंद्रासारखा गोल होणें, पोट सुटून हातपाय बारीक होणें व रक्तदाब वाढणें, या रोगाचें मूळ पोष ग्रंथींतील बारीक गांठींत असतें हें कुशिंग यांनीं १९३२ सालीं मांडिलें. त्या रोगास त्यांचेंच नांव आहे. ७ ऑक्टोबर १९३९ रोजीं न्यू हेवन येथें हृदयविकारानें त्यांचा अंत झाला. मृत्यूनंतर तपासणींत त्यांच्या स्वतःच्या मेंदूंतही एक लहानशी गांठ आढळली.

त्यांची विद्या आपल्या देशापर्यंत पोहोंचली. वाइल्डर पेनफील्ड यांनीं तरुणपणीं बोस्टन येथें कुशिंग यांच्या हाताखालीं काम केलें होतें. पेनफील्ड यांजपाशीं मॉन्ट्रियल येथें शिकून डॉ. जेकब चांडी यांनीं १९४९ सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय विद्यालयांत मेंदूच्या शस्त्रक्रियेचा, भारतांतील पहिला, विभाग उघडिला. आज मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतही नाकांतून दुर्बीण घालून ही शस्त्रक्रिया होते.

आतां आपल्या उपयोगाचें सांगतों. बाजूचें दिसेनासें झालें, वहाणा लहान पडूं लागल्या, किंवा मूल नसतां दूध येऊं लागलें, तर बाहेरची बाधा म्हणून वेळ दवडूं नये, डॉक्टरांस दाखवावें. अशा रोग्याची जीभ व जबडा मोठा झालेला असल्यास श्वासाची नळी घालणें अवघड जातें. म्हणून रात्रीं फार घोरणें, झोंपेंत श्वास अडकणें, हें भूल देणाऱ्या डॉक्टरांस आधींच सांगावें. शस्त्रक्रियेनंतर नाक बंद असतें व तोंडानें श्वास घ्यावा लागतो. तेव्हां घाबरूं नये. तहान व लघवी फार होऊं लागली तर परिचारिकेस लागलींच कळवावें.

आणि एक गोष्ट कोणत्याही शस्त्रक्रियेची. डॉक्टर उपाशी राहावयास सांगतात तें कोरड्या नियमासाठीं नव्हे. मायेपोटीं आई किंवा मावशी पहाटे चोरून पेज वा चहा पाजते, आणि विचारलें तर नाहीं म्हणते. भरल्या पोटीं भूल दिली तर १८९३ सालीं बोस्टन येथें जें घडलें, तेंच आजही घडूं शकतें. खाल्लें असेल तर खाल्लें म्हणून सांगावें. फार तर शस्त्रक्रिया पुढें जाईल. कुशिंग यांनीं आपल्या हातून झालेलें लपविलें नाहीं, म्हणून पुष्कळांचे प्राण वांचले. आपणही त्या खोलीच्या दाराशीं खरें तेंच सांगावें.