लोकनायक डॅनियल ओकॉनेल

आमच्या धर्मग्रामाच्या ह्या ज्युबिलीच्या मंगलप्रसंगीं एखाद्या संताचें चरित्र वाचावयास मिळेल, अशी वाचकांची अपेक्षा असेल. परंतु आम्हीं बुद्धिपुरस्सर एका वकिलाचें चरित्र निवडलें आहे. ते संत नव्हते. त्यांच्या हातून मोठा प्रमादहि घडला. तथापि दीनदुबळ्या लोकांनीं शस्त्र हातीं न धरितां, केवळ एकजुटीच्या व मताच्या बळावर आपला हक्क कसा मिळवावा, हें ज्या थोड्या पुरुषांनीं जगाला दाखविलें, त्यांत त्यांची गणना होते.

डॅनियल ओकॉनेल ह्यांचा जन्म ६ ऑगस्ट १७७५ रोजीं आयर्लंडमधील केरी परगण्यांत झाला. तेथील बहुसंख्य प्रजा कॅथलिक. परंतु जमीन, न्यायासनें व सत्ता प्रॉटेस्टंट अल्पसंख्याकांच्या हातीं होती. निपुत्रिक चुलत्यांनीं ह्या मुलास आपलेंसें केलें आणि शिक्षणासाठीं फ्रान्समध्यें सेंत ओमेर व दुए येथें धाडिलें. १७९३ च्या जानेवारींत, सोळाव्या लुई राजाचा शिरच्छेद झाला त्याच सुमारास, त्यांना तो देश सोडून निघावें लागलें. पुढें १७९८ सालीं ते डब्लिनमध्यें वकील झाले. त्याच वर्षीं आयर्लंडमधील बंड हजारों प्राणांची आहुति घेऊन शमलें. ही दोन दृश्यें ते जन्मभर विसरले नाहींत. रक्त सांडून मिळविलेल्या स्वातंत्र्यावर त्यांचा विश्वास बसला नाहीं.

तरीहि रक्ताचा डाग त्यांच्याच हाताला लागावयाचा होता. १८१५ सालीं डेस्टेर नांवाच्या गृहस्थानें त्यांना द्वंद्वयुद्धास पाचारण केलें. मानापमानाच्या खोट्या कल्पनेला बळी पडून ओकॉनेल गेले, आणि त्यांच्या गोळीनें तो गृहस्थ मेला. ह्या पापाचा त्यांना आजन्म पश्चात्ताप झाला. मृताच्या मुलीला ते अखेरपर्यंत वर्षासन देत राहिले, आणि पुनः कधींहि द्वंद्वयुद्धास उभे राहिले नाहींत.

त्या काळीं कॅथलिकांची स्थिति मोठी चमत्कारिक होती. १७९३ च्या कायद्यानें चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन धारण करणाऱ्या कॅथलिकास मत मिळालें होतें; पण पार्लमेंटांत बसावयाचें तर पवित्र मिस्सा ही मूर्तिपूजा आहे, अशा अर्थाचें प्रतिज्ञापत्र त्यास करावें लागे. म्हणजे मत द्यावें, पण स्वधर्मीयाला देऊं नये! शिवाय मतदान उघड असे. कूळ जमीनदाराच्या देखत मुखानें मत सांगे, आणि तें धन्याच्या इच्छेविरुद्ध गेल्यास घरदार व जमीन गमावण्याची पाळी येई.

१८२३ सालीं ओकॉनेल ह्यांनीं कॅथलिक संघ स्थापिला. आरंभीं त्यांत सुखवस्तु मंडळीच होती. पुढील वर्षीं त्यांनीं एक साधी युक्ति काढिली: जो कोणी महिन्यास एक पेनी देईल, तो संघाचा सहसभासद. मग गांवोगांवचे स्वयंसेवक रविवारीं मिस्सा आटोपतांच देवळाच्या दारीं उभे राहूं लागले. नांवें नोंदणें, पेनी गोळा करणें, हिशेब डब्लिनला पाठविणें, वर्तमानपत्र निरक्षरांस वाचून दाखविणें, हीं कामें त्यांनीं विनामूल्य केलीं. पैसा तर जमलाच. पण त्याहूनहि मोठी गोष्ट ही कीं, पेनी देणाऱ्या शेतकऱ्याला हें कार्य आपलें वाटूं लागलें. सरकारनें १८२५ मध्यें संघ बंद पाडिला, तेव्हां कायद्याच्या चौकटींत राहून तो नव्या रूपानें उभा राहिला.

कसोटीचा क्षण १८२८ सालीं क्लेअर परगण्याच्या पोटनिवडणुकींत आला. कॅथलिकास उमेदवार म्हणून उभें राहण्याची कायद्यानें मनाई नव्हती, बसण्याची होती. हें ओळखून ओकॉनेल स्वतःच उभे राहिले. धर्मगुरु आपापल्या गांवकऱ्यांसह एनिस शहरीं चालत आले. मद्य वर्ज्य करून लोकांनीं शिस्त राखिली. ज्या कुळांना जमीनदारांनीं आपले म्हणून आणिलें होतें, त्यांपैकीं कित्येकांनीं धन्यांच्या डोळ्यांदेखत ओकॉनेल ह्यांचें नांव उच्चारिलें. ओकॉनेल ह्यांना २,०५७ व प्रतिपक्ष्याला ९८२ मतें पडलीं. यादवीच्या भयानें सरकार नमलें, आणि १३ एप्रिल १८२९ रोजीं कॅथलिकांना पार्लमेंटचें द्वार मोकळें करणाऱ्या कायद्यास राजाची संमति मिळाली.

पण ह्या विजयाची किंमत कोणी दिली, हें आम्ही विसरतां कामा नये. त्याच वेळीं दुसऱ्या कायद्यानें मतदानाची मर्यादा चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यांत आली. मतदारांची संख्या दोन लाखांवरून चाळीस हजारांच्याहि आंत आली. ज्या गरीब कुळांनीं जोखीम पत्करिली, त्यांचेंच मत गेलें, आणि ओकॉनेल तें वांचवूं शकले नाहींत. त्यांच्या कीर्तीवरील ही छाया झांकणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

पार्लमेंटांत गेल्यावर त्यांनीं केवळ स्वधर्मीयांचीच बाजू मांडिली नाहीं. यहुदी लोकांच्या हक्कांसाठीं ते बोलले. अमेरिकेंतील कित्येक देशबंधु रुष्ट होत असतांहि त्यांनीं गुलामगिरीचा धिक्कार केला. १८४३ सालीं आयर्लंडच्या स्वतंत्र पार्लमेंटासाठीं त्यांनीं प्रचंड सभा भरविल्या. ८ ऑक्टोबरच्या क्लॉन्टार्फ येथील सभेवर सरकारनें आदल्या दिवशीं बंदी घातली व सैन्य आणिलें, तेव्हां त्यांनीं सभा रद्द केली. तरुणांनीं त्यांना भ्याड म्हटलें. पण कोणाच्या घरीं प्रेत गेलें नाहीं. पुढील वर्षीं त्यांना तीन महिने तुरुंगवासहि घडला. दुष्काळानें देश होरपळत असतां, रोमच्या यात्रेस निघालेले ओकॉनेल १५ मे १८४७ रोजीं जिनोआ येथें निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांचें हृदय रोमला नेण्यांत आलें व देह डब्लिनला आणिला गेला.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, आज आपणांस मत गुप्तपणें देतां येतें. १९८९ पासून अठरा वर्षांच्या प्रत्येक नागरिकास, गरीब असो वा श्रीमंत, तें मिळालें आहे. क्लेअरच्या कुळाला जें घर पणाला लावून करावें लागलें, तें आपण अर्ध्या घटकेंत करून घरीं येतों. आणि तरीहि कित्येकजण तेवढाहि आळस सोडीत नाहींत! कोणत्या पक्षास मत द्यावें, हें आम्ही सांगणार नाहीं. १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणें राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यास आम्हां धर्मगुरूंस सामान्यतः मनाई आहे. म्हणूनच हें काम प्रापंचिकांचें आहे. शेजाऱ्याचें नांव मतदारयादींत आहे कीं नाहीं हें पाहणें, वृद्धांस केंद्रापर्यंत नेणें, योग्य वाटणाऱ्या उमेदवारासाठीं निर्लोभपणें चार दिवस झिजणें, लांच न घेणें व न देणें, ही आपली आजची पेनी होय. ती लहान आहे म्हणून कोणी हातीं राखून ठेवूं नये.