नाना फडणवीस आणि तांब्यावरची गीता

नाना फडणवीस म्हटलं की मुलांना पानिपत, बारभाई आणि साडेतीन शहाण्यांतला अर्धा शहाणा एवढंच आठवतं. 1742 साली साताऱ्यात जन्मलेल्या या मुत्सद्द्याने पुण्यात एका तांबटाकडून भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घ्यायला घेतली, हे सांगायचं राहूनच जातं. काम भलतंच जिकिरीचं! कागदावर अक्षर सुलट उमटावं म्हणून प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी आरशात दिसते तशी उलटी कोरायची. हात घसरला तर पाटीसारखं पुसता येत नाही. काम पुरं होण्याआधीच, 13 मार्च 1800 रोजी, नाना गेले. तांबट मिरजेला गेला. तिथे गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने 1805 मध्ये गीता छापून निघाली. नानांना ती पाहायला मिळाली नाही. वर्गात मुलांना आपलं नाव उलटं लिहून आरशात बघायला लावा.