राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आणि कर्करुग्णांची सेवा

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेल्या माणिक बंडोजी इंगळे यांना वरखेडच्या आडकोजी महाराजांनी तुकड्या हे नाव दिले. खंजिरीवर भजने गात ते वऱ्हाडभर फिरले. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापिला. १९४२ च्या लढ्यात तुरुंगवास भोगला. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेत सर्व धर्मीयांना स्थान होते. अखेरीस कर्करोगाने त्यांना गाठले व ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांनी देह ठेवला.

पुढे नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला त्यांचेच नाव देण्यात आले. किरणोपचार एका दिवसात आटोपत नाहीत. निरोगी पेशींना सावरता यावे म्हणून मात्रा थोडी थोडी, कित्येक आठवडे द्यावी लागते. मध्येच खंड पडला तर रोग पुन्हा बळावू शकतो. दर्यापूरच्या शेतमजुराने मजुरी बुडवून इतके दिवस मुंबईत कसे राहावे? म्हणूनच विदर्भातील या केंद्राचे मोल आम्हांस मोठे वाटते.

रुग्णाची भेट ही आपलीच भेट, असे प्रभू येशूने मानले. आपल्या धर्मग्रामातील कोणी उपचारासाठी नागपूरला जात असेल, तर त्याच्या सोबतीचा व मुक्कामाचा भार आपण वाटून घेऊ या.