मतभेद झाले, पण पत्रं थांबली नाहीत

आजचं वाचन: योहान 17:20-23



प्रभूला धरून नेलं त्या रात्री त्याने आपल्यासाठीही प्रार्थना केली. त्याच्यावर विश्वास ठेवणारे सगळे एक असावेत, म्हणजे जगाचाही विश्वास बसेल, ही त्याची मागणी. आज हे वाचन मनात ठेवून पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहू या.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आईने लेकीला. तारुण्यातच रमाबाईंना वैधव्य आलं. पदरी लहानगी मनोरमा. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबरला वाँटेज इथे दोघी मायलेकींनी अँग्लिकन मंडळीत बाप्तिस्मा घेतला.

पण खरी कसोटी पुढेच होती. ख्रिस्ती लोकांतही इतके पंथ पाहून रमाबाई चक्रावल्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक माता. मंडळीची शिकवण रमाबाईंनी मुकाट्याने स्वीकारावी, असं सिस्टरना वाटे. रमाबाईंना मात्र प्रत्येक गोष्ट शास्त्रात स्वतः तपासायची होती. 1885 च्या सुमारास त्रैक्यावरून, मंडळीच्या अधिकारावरून दोघींत कडक पत्रं गेली-आली. शब्द बोचले, मनं दुखावली.

तरीही नातं तुटलं नाही. रमाबाई सिस्टरना आजीबाई म्हणत. आणि चिमुकल्या मनोरमेला त्यांनी त्याच आजीबाईंकडे सांभाळायला ठेवलं होतं! सिस्टरनीही स्वतःला न पटणारी ती पत्रं फाडून टाकली नाहीत, जपून ठेवली. म्हणूनच 1977 मध्ये त्यांचं पुस्तक निघू शकलं.

पुढे रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, ते कुठल्याच एका पंथाचं नाही. वेगवेगळ्या मंडळ्यांचे सेवक तिथे खांद्याला खांदा लावून निराधार बायका-मुलींसाठी राबले. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई प्रभूकडे गेल्या. शेवटपर्यंत त्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या.

ही वाट आपल्या विदर्भातूनही जाते. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत 1983 पर्यंत वेगवेगळ्या पंथांचे विद्यार्थी एकाच वर्गात शिकले; मग ती पुण्याला गेली.

मारेगावहून पुण्या-मुंबईला गेलेल्या मित्रा, तुझा रूममेट कॅथलिक असेल, मेथडिस्ट असेल, पेंटेकॉस्टल असेल. बाप्तिस्म्यावरून, उपासनेवरून वाद होईलच. होऊ दे. खरं वाटतं ते सोडू नकोस, पण त्याचं म्हणणं पूर्ण ऐक. ग्रुप सोडून जाऊ नकोस. आज त्याचं नाव घेऊन प्रार्थना कर.

प्रार्थना: प्रभू येशू, जो भाऊ मला पटत नाही तोही तुझाच आहे, हे मला विसरू देऊ नकोस. आम्हांला एक कर. आमेन.