देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण करणारे डॉ. सेन आणि आजच्या एक्मो मशीनची गोष्ट

१९६८ चा फेब्रुवारी महिना. परळचं केईएम हॉस्पिटल. अपघातात डोक्याला मार लागलेल्या एका व्यक्तीचं हृदय काढून दुसऱ्या रुग्णाच्या छातीत बसवण्यात आलं. त्या रुग्णाच्या स्वतःच्या हृदयाचे स्नायू निकामी झाले होते. भारतातलंच नाही, तर आशियातलं हे पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण. जगातलं सहावं. दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिलं प्रत्यारोपण केलं, त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते.

नवीन हृदय धडधडलं. पण तीन तासांनी रुग्ण गेला.

या टीमचे प्रमुख होते डॉ. प्रफुल्ल कुमार सेन.

सेन यांचा जन्म १९१५ चा, कलकत्त्यातला. पण शिक्षण झालं नागपुरात. तिथून ते मुंबईला आले. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएममध्ये डॉक्टर झाले आणि पुढे तिथेच सर्जरी शिकवू लागले. जन्माने बंगाली असले, तरी त्यांचं घडणं आणि काम महाराष्ट्रातलं.

१९४९ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने ते अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. त्याच शहरात तेव्हा डॉ. जॉन गिबन हार्ट-लंग मशीन तयार करण्यासाठी झटत होते. शरीरातलं रक्त बाहेर काढायचं, त्यात ऑक्सिजन मिसळायचा आणि पुन्हा आत सोडायचं, अशी ती कल्पना. मे १९५३ मध्ये गिबन यांनी एका १८ वर्षांच्या मुलीचं हृदय आणि फुफ्फुसं २६ मिनिटं बाजूला ठेवून तिच्या हृदयातलं छिद्र बुजवलं.

या मशीनशिवाय हृदय प्रत्यारोपण शक्यच नव्हतं.

इकडे मुंबईत सेन यांच्यासमोर रांग होती ती संधिवाताच्या तापामुळे झडपा खराब झालेल्या तरुण रुग्णांची. त्यांच्यावर शस्त्रक्रिया आणि जोडीला संशोधन, असं दोन्ही चालू होतं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाला पोकळीतून थेट रक्त मिळतं, हे पाहून त्यांनी हृदयाच्या स्नायूला बारीक छिद्रं पाडायची पद्धत मांडली. १९६५ सालच्या त्या शोधनिबंधात डॉ. परुळकर, डॉ. किनरे आणि पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी गाजलेले डॉ. उदवाडिया यांचीही नावं आहेत. नंतर लेझरने अशीच छिद्रं पाडण्याचे प्रयोग जगभर झाले.

मग १९६८ ला चुकलं कुठं?

नवं हृदय चालू झालं होतं. पण रुग्णाच्या फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब वाढलेला होता. त्या दाबापुढे हृदयाची उजवी बाजू टिकली नाही. अवयव एकेकटे चालत नाहीत, एकाचा भार दुसऱ्यावर पडतो. त्याच वर्षी सेन यांनी दुसरं प्रत्यारोपण केलं. तो रुग्णही काही तासांतच गेला.

दुसरा शत्रू होता जंतुसंसर्ग. शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबावी लागते आणि मग साधा जंतूही जीव घेतो. बर्नार्ड यांचा पहिला रुग्ण १८ व्या दिवशी न्यूमोनियाने गेला, तो असाच.

गिबन यांच्या मशीनचं आजचं रूप म्हणजे एक्मो. ऑपरेशनपुरतं काही तास नाही, तर आयसीयूमध्ये कित्येक दिवस चालणारं. सेन यांच्या रुग्णासारखं नवं हृदय दमलं, तर आज ते एक्मोवर सावरेपर्यंत थांबता येतं. जंतुसंसर्गाने बीपी कोसळतं, म्हणजे सेप्टिक शॉक येतो, तेव्हाही काही रुग्णांना एक्मो लावतात.

फायदा असा, की संसर्गाने हृदयच मंदावलं असेल तर मूत्रपिंड, यकृत आणि आतड्यांना रक्त पोहोचत राहतं. बीपी वाढवणाऱ्या औषधांचा डोस कमी करता येतो.

पण किंमतही मोजावी लागते. मशीनचं रक्त महाधमनीत उलट्या दिशेने येतं, त्यामुळे आधीच थकलेल्या हृदयावर भार वाढतो आणि फुफ्फुसांत पाणी साचू शकतं. नळ्यांमध्ये गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवावं लागतं. त्यातून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तांबड्या पेशी फुटल्या तर मूत्रपिंडांना त्रास होतो. मांडीतून नळी टाकली असेल तर पायाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. हृदय सावरलं पण फुफ्फुसं खराबच राहिली, तर मेंदूकडे कमी ऑक्सिजनचं रक्त जातं.

आणि सेप्टिक शॉकमध्ये बऱ्याचदा हृदय जोरात चालत असतं, सैल पडलेल्या असतात त्या रक्तवाहिन्या. अशा मोठ्या माणसांना एक्मोचा फारसा उपयोग होत नाही. मशीन वेळ मिळवून देतं, जंतू मारत नाही. ते काम अँटिबायोटिक्सचं आणि पू काढून टाकण्याचं.

सेन ज्या नागपूरहून मुंबईला आले, त्या दोन शहरांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गावर मनमाडच्या पुढे नांदगाव लागतं. तिथून नाशिक सुमारे शंभर किलोमीटर. नांदगावच्या रुग्णासाठी एक्मो लांबची गोष्ट. ताप असताना धाप लागणं, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, असंबद्ध बडबड ही लक्षणं ओळखून जवळच्या दवाखान्यात लगेच सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू होणं, हेच तिथे जीव वाचवतं. मशीनची वेळ येऊ नये, यासाठीची लढाई तालुक्यातच लढली जाते.

१९६९ साली सेन यांना पद्मभूषण मिळाला. १९८२ मध्ये ते गेले. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा देशात १९९४ साली झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं.

सेन यांच्या हाती ना तो कायदा होता, ना आजची औषधं, ना एक्मो. तरीही केईएमच्या त्या तीन तासांपासूनच देशातल्या हृदय प्रत्यारोपणाचा इतिहास मोजला जातो.