सत्येंद्रनाथ बोस

हिवाळ्यात ठाण्याच्या माजिवडा भागाजवळील येऊरच्या टेकड्यांवर पहाटे दव पडते. हवेतील बाष्प थंड होते आणि त्याचे पाणी बनते. पदार्थाच्या अशा बदलास अवस्थांतर म्हणतात. याहून अद्भुत अशा एका अवस्थांतराचा मार्ग ज्यांच्या गणिताने दाखविला, ते सत्येंद्रनाथ बोस आपल्याच देशातील एक शिक्षक होते.

त्यांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी कलकत्ता येथे झाला. जगदीशचंद्र बोस व प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. १९२१ साली ते ढाका विद्यापीठात अध्यापन करू लागले. प्रकाशाविषयीचा प्लांक यांचा नियम शिकविताना त्याच्या प्रचलित उपपत्तीने त्यांचे समाधान होईना. म्हणून त्यांनी प्रकाशकणांची गणनाच नव्या रीतीने केली. दोन निराळे मणी दोन वाट्यांत चार प्रकारे ठेवता येतात. परंतु मणी अगदी एकरूप असतील, तर प्रकार तीनच उरतात. त्या तिहींपैकी दोहोंत दोन्ही मणी एकाच वाटीत असतात! एकरूप कणांचा एकत्र येण्याकडे कल असतो, तो असा.

१९२४ साली या तीस वर्षांच्या अप्रसिद्ध अध्यापकाने आपला निबंध थेट जगद्विख्यात आइन्स्टाइन यांच्याकडे धाडला. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मन भाषेत अनुवादून प्रसिद्ध करविला. तीच गणना अणूंना लावून त्यांनी भाकीत केले, की वायू अतिशय थंड केल्यास त्यातील असंख्य अणू एकाच अवस्थेत गोळा होतील.

सत्येंद्रनाथांनी मायबोलीतून विज्ञान शिकविण्याचा सदैव आग्रह धरला आणि त्यासाठी १९४८ साली वंगीय विज्ञान परिषद स्थापिली. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. ते भाकीत प्रत्यक्षात उतरलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९९५ साली अमेरिकेत कॉर्नेल व वीमन यांनी रुबिडियमच्या वायूत ही अवस्था घडवून आणली. २००१ साली तेथेच चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने अशा अणूंमध्ये परस्पर आकर्षण निर्माण केले गेले. तेव्हा तो अणुमेघ आतल्या आत आकसला आणि अकस्मात फुटला! आज पुण्याच्या आयसर संस्थेतही अतिशीत अणूंचा अभ्यास चालतो.

सत्येंद्रनाथांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. परंतु त्यांच्या गणनेचा नियम पाळणाऱ्या साऱ्या कणांना जग बोसॉन म्हणते. शिकविताना मनात आलेली शंका त्यांनी दडपली नाही, तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला. त्यांच्या थोरवीचे मूळ तेथेच आहे.